दोघांसाठी लेटेक्सची गादी कशी निवडावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेटेक्सची गादी घ्यायचे ठरले की बहुतेक जण पहिल्यांदा "मऊ घ्यावी की कडक?" असे विचारतात. जोडप्याच्या बाबतीत या प्रश्नाला एकच उत्तर नसते, कारण त्या एका गादीवर दोन निराळ्या वजनांची, बांध्यांची आणि सवयींची माणसे झोपणार असतात. म्हणून खालील उत्तरांमध्ये दोघांच्या शरीरांचा विचार आणि गादीच्या आत काय भरले आहे याची पारख या दोन गोष्टींना सर्वाधिक जागा दिली आहे.

"१०० टक्के लेटेक्स" आणि "१०० टक्के नैसर्गिक लेटेक्स" यांत काही फरक असतो का?

असतो, आणि तो खरेदीपूर्वी समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. नैसर्गिक लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाच्या सालीला तिरपी खाच पाडून गोळा केलेला पांढरा चीक. कृत्रिम लेटेक्स मात्र स्टायरीन आणि ब्युटाडाईन या पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या रसायनांतून कारखान्यात तयार होते. दोन्हींना लेटेक्सच म्हटले जात असल्यामुळे कृत्रिम किंवा मिश्र मालावरही "१०० टक्के लेटेक्स" असे छापलेले आढळते. त्यामुळे विक्रेत्याला नैसर्गिक लेटेक्सचे प्रमाण किती आहे हे टक्केवारीत विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. पूर्णपणे नैसर्गिक म्हणवणाऱ्या गादीतही गंधक, झिंक ऑक्साईड यांसारखे पदार्थ अल्प प्रमाणात असतातच, कारण त्यांच्याशिवाय चिकाचे टिकाऊ रबर होत नाही. त्यात लबाडी नाही.

याहून मोठी गफलत वेगळ्याच ठिकाणी होते. पुष्कळ गाद्यांमध्ये लेटेक्सचा केवळ अडीच ते पाच सेंटिमीटरांचा थर वर असतो आणि खाली साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम, स्प्रिंग किंवा रबराचा लेप दिलेला काथ्या भरलेला असतो. अशी गादी वाईटच असते असे नाही, परंतु तिचे आयुष्य खालच्या थराच्या आयुष्याएवढेच असते. लेटेक्सच्या टिकाऊपणासाठी पैसे मोजायचे असतील, तर आतला संपूर्ण गाभा लेटेक्सचा आहे याची खात्री करून घ्यावी.

डनलॉप आणि तलाले या दोन पद्धतींपैकी कोणती चांगली?

डनलॉप ही जुनी पद्धत असून १९२९ साली बर्मिंगहॅममधील डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत लेटेक्सचा फेस तयार करण्यात यश आले. या पद्धतीत चीक घुसळून त्याचा फेस करतात, तो साच्यात ओततात आणि उष्णता देऊन पक्का करतात. घट्ट होत असताना जड कण थोडे खाली बसतात, त्यामुळे थराची खालची बाजू वरच्यापेक्षा किंचित कडक होते. तलाले पद्धतीत साचा पूर्ण न भरता हवा काढून फेस पसरवला जातो, मग तो गोठवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला जातो आणि शेवटी तापवला जातो. यातून मिळणारा थर सर्वत्र सारखा, हलका आणि हाताला अधिक लुसलुशीत लागतो.

आमच्या मते खालच्या थरांसाठी डनलॉप अधिक योग्य आहे, कारण तो घन असतो आणि भार चांगला पेलतो. वरच्या थरासाठी दोन्ही चालतात. कुशीवर झोपणाऱ्या आणि अंगाने हलक्या व्यक्तीला तलालेचा वरचा थर सहसा अधिक मानवतो. मात्र पद्धतीच्या नावावरून दर्जा ठरत नाही. दोन्ही पद्धतींनी उत्तम माल बनतो आणि दोन्ही पद्धतींनी सुमार मालही बनतो.

आमच्या दोघांच्या वजनात बराच फरक आहे. मध्यम कडक गादी घेतली तर दोघांचेही भागेल का?

वजनातला फरक १०-१५ किलोंचा असेल आणि झोपण्याची ढब सारखी असेल, तर भागेल. फरक त्याहून मोठा असेल तर "मध्यम" हा तोडगा बहुधा दोघांनाही गैरसोयीचा ठरतो.

एक उदाहरण घेऊ. पत्नीचे वजन ५२ किलो असून ती कुशीवर झोपते आणि पतीचे वजन ९५ किलो असून तो पाठीवर झोपतो. कुशीवर झोपणाऱ्याचा बहुतेक भार खांदा आणि नितंब या दोन अरुंद जागांवर येतो. हलक्या अंगाच्या व्यक्तीचा खांदा मध्यम गादीत पुरेसा रुतत नाही, त्यामुळे खालचा हात दबतो, त्याला मुंग्या येतात आणि रात्रभर कूस बदलणे सुरू राहते. त्याच गादीवर पतीचे नितंब मात्र पाठीपेक्षा खोल जातात, पाठीचा कणा झोळीसारखा वाकतो आणि सकाळी कंबर धरते. दोघेही एकाच गादीविषयी तक्रार करतात, पण एकाला ती कडक वाटते आणि दुसऱ्याला मऊ. दोघांचे म्हणणे खरेच असते.

यावर उत्तम उपाय म्हणजे दुभागलेला गाभा. १८० सेंटिमीटर रुंदीच्या गादीत ९० सेंटिमीटरांचे दोन स्वतंत्र गाभे शेजारी ठेवून त्यांवर एकच खोळ चढवता येते. वरील उदाहरणात पत्नीच्या बाजूला खाली मध्यम आणि वर मऊ थर, तर पतीच्या बाजूला खाली कडक आणि वर मध्यम थर अशी रचना करावी. गाभा एकसंध न घेता सुट्या थरांचा घेतला, तर आणखी एक सोय होते. काही वर्षांनी वजन बदलले, दुखापत झाली किंवा झोपण्याची सवय बदलली, तर संपूर्ण गादी न बदलता एकच थर बदलून काम होते. जोडप्यासाठी चेन असलेली खोळ आणि सुटे थर या रचनेला आम्ही इतर सर्व वैशिष्ट्यांपेक्षा वरचे स्थान देतो.

दोन गाभे घेतल्यास मध्ये भेग जाणवत नाही का?

एकाच घट्ट बसणाऱ्या खोळीत दोन्ही गाभे व्यवस्थित सरकवले, तर सहसा जाणवत नाही, कारण लेटेक्सच्या कडा एकमेकींना घट्ट चिकटून राहतात आणि घर्षणामुळे सहज सरकत नाहीत. तरीही ज्यांना अगदी मधोमध जवळ झोपण्याची सवय आहे त्यांनी खालचे थर दुभागलेले आणि सर्वांत वरचा पाच सेंटिमीटरांचा थर अखंड ठेवावा. यात दोन्ही बाजूंमधला फरक थोडा सौम्य होतो, पण भेगेचा प्रश्न उरत नाही.

आयएलडी हा आकडा कसा वाचावा?

आयएलडी हे थराच्या मऊ-कडकपणाचे माप आहे. ठरावीक आकाराची चकती लेटेक्सच्या थरात त्याच्या जाडीच्या २५ टक्के इतकी दाबण्यासाठी जेवढा जोर लागतो, त्याचा हा आकडा असतो आणि तो साधारणपणे पाउंडात दिला जातो. ढोबळमानाने १४ ते २० म्हणजे मऊ, २० ते ३० म्हणजे मध्यम आणि त्यापुढे कडक असे समजावे. मात्र हा आकडा एका थराचा असतो, संपूर्ण गादीचा नसतो. शिवाय निरनिराळे उत्पादक निरनिराळ्या जाडीच्या तुकड्यांवर मोजणी करतात, म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये. एकाच उत्पादकाच्या थरांमधला फरक समजण्यापुरता तो उपयुक्त आहे.

मऊपणा आणि आधार या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हेही इथे सांगायला हवे. खांद्याला मऊ लागणारी गादी कमरेला भक्कम आधार देऊ शकते, कारण लेटेक्स जितके अधिक दाबले जाते तितके ते अधिक जोराने वर ढकलते. वर मऊ आणि खाली कडक थर ठेवण्यामागचे कारण हेच आहे.

एकाने कूस बदलली तर दुसऱ्याची झोप मोडेल का?

लेटेक्स जिथे दाबले जाते तिथेच प्रामुख्याने दबते, त्यामुळे एकमेकींना जोडलेल्या स्प्रिंगच्या गादीत येतो तसा हिंदोळा यात येत नाही. मेमरी फोम, म्हणजे दाबल्यावर सावकाश पूर्ववत होणारा फोम, हालचाल याहूनही जास्त शोषून घेतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच फोमवर कूस बदलताना स्वतःच केलेल्या खळग्यातून वर यावे लागते. लेटेक्स चटकन पूर्ववत होते, त्यामुळे वळणाऱ्याला कष्ट पडत नाहीत, आणि दांपत्याच्या सहवासाच्या दृष्टीनेही ही लवचीकता सोयीची असते. ज्याची झोप अतिशय सावध आहे त्याने दुभागलेल्या गाभ्याचाच विचार करावा.

रुंदी आणि जाडी किती असावी?

१५० सेंटिमीटर रुंदीत प्रत्येकाच्या वाट्याला ७५ सेंटिमीटर येतात, म्हणजे एकट्याच्या ९० सेंटिमीटरच्या पलंगापेक्षाही कमी. खोलीत जागा असेल तर १८० सेंटिमीटर घ्यावी. लांबी दोघांपैकी उंच व्यक्तीच्या उंचीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर जास्त असावी.

जाडीच्या बाबतीत १५ ते २० सेंटिमीटर लेटेक्स बहुतेक जोडप्यांना पुरते. दोघांपैकी एकाचे वजन ९०-१०० किलोंच्या पुढे असेल तर २० ते २३ सेंटिमीटर घ्यावे. त्यापुढची जाडी आरामापेक्षा वजन अधिक वाढवते.

पाठदुखी असेल तर सर्वांत कडक गादी घ्यावी, हे खरे आहे का?

हा समज खूप रुजलेला आहे, पण उपलब्ध पुरावा त्याच्या बाजूचा नाही. २००३ साली "द लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कंबरेच्या जुनाट दुखण्याच्या ३१३ रुग्णांना कडक किंवा मध्यम कडक गाद्या देण्यात आल्या होत्या आणि ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे व त्यामुळे येणारी अडचण अधिक कमी झालेली आढळली. तो अभ्यास लेटेक्सविषयी नव्हता, तरी कडकपणाविषयीचा त्याचा निष्कर्ष इथेही लक्षात घेण्याजोगा आहे. दुखणे पायात उतरत असेल किंवा वाढत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे.

दुकानात गादी कशी तपासावी?

दोघांनी एकत्र जावे. एकट्याने जाऊन दुसऱ्याच्या पसंतीचा अंदाज करू नये, कारण दोघे झोपल्यावर तीच गादी वेगळी वागते. घरी झोपता त्याच बाजूला, त्याच ढबीत, शक्यतो स्वतःची उशी घेऊन किमान १५-२० मिनिटे पडून राहावे. पाठीवर असताना कमरेखाली हात सरकवून पाहावा. तो सहज आरपार गेला तर गादी त्या व्यक्तीला कडक आहे, आणि मुळीच सरकत नसेल तर बहुधा मऊ आहे. कुशीवर असताना जोडीदाराने मागून पाठीच्या कण्याकडे पाहावे. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ जवळजवळ सरळ दिसायला हवी. त्यानंतर एकाने डोळे मिटून पडावे आणि दुसऱ्याने वळावे, उठावे, पुन्हा बसावे. कडेला बसूनही पाहावे, कारण लेटेक्सच्या कडा सहसा वेगळ्या मजबूत केलेल्या नसतात आणि मऊ गादीची कड बसल्यावर बरीच दबते.

यानंतर खोळीची चेन उघडायला सांगावी. आत हस्तिदंती किंवा फिकट मलईच्या रंगाचा गाभा आणि त्यावर ओळीने असलेली गोल भोके दिसतील. साच्यातील धातूच्या खुंट्यांमुळे ही भोके पडतात आणि त्या खुंट्यांमार्फत उष्णता थराच्या आतपर्यंत पोहोचते. अंगठा खोल दाबून सोडावा. चांगले लेटेक्स तत्काळ वर येते आणि खूण उरत नाही. कोपऱ्यावर बोट घासल्यास भुकटी पडत असेल, तर खडूसारख्या भरावाची किंवा नीट पक्क्या न झालेल्या मालाची शंका घ्यावी. गाभा तुकडे चिकटवून केला असेल तर सांध्याच्या रेषा दिसतात. सांधा असणे हा दोष नव्हे, पण ती रेषा हाताला टणक लागत असेल आणि नेमकी कमरेखाली किंवा खांद्याखाली येत असेल, तर ती गादी घेऊ नये. चेन उघडून दाखवायला दुकानदार नाखूश असेल, तर दुसरे दुकान पाहावे.

ही गादी किती वर्षे टिकते, आणि टिकाऊपणा आधीच कसा ओळखावा?

चांगल्या नैसर्गिक लेटेक्सची गादी १२ ते १५ वर्षे, आणि नीट निगा राखल्यास त्याहूनही अधिक काळ आकार धरून राहते. टिकाऊपणाचा सर्वांत उपयोगी निकष म्हणजे घनता. डनलॉप लेटेक्सची घनता सामान्यतः दर घनमीटरला ६५ ते ९५ किलोंच्या दरम्यान असते आणि रोज दोघांचा भार पेलणाऱ्या खालच्या थरांसाठी आम्ही ७५ च्या खाली जाऊ नये असे सुचवतो.

हा आकडा घरीही पडताळता येतो. १५२ सेंटिमीटर रुंद, २०३ सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर जाड गाभ्याचे घनफळ सुमारे ०.६२ घनमीटर होते. घनता ७५ असेल तर त्याचे वजन सुमारे ४६ किलो भरले पाहिजे. डनलॉपचा म्हणून दिलेला तेवढाच गाभा ३० किलोंचा निघाला, तर सांगितलेली घनता किंवा आतला माल यांपैकी काहीतरी खरे नाही. तलालेची घनता मुळातच कमी असते, म्हणून त्याला हा हिशोब लावू नये. वजन जास्त भरले म्हणजे माल उत्तम, असा उलटा निष्कर्षही काढू नये, कारण भरावामुळेही वजन वाढते.

पहिल्या काही महिन्यांत अंगाखाली हलका खळगा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. पुष्कळदा खोळीत शिवलेली लोकर किंवा कापूस दबलेला असतो आणि लेटेक्स जसेच्या तसे असते. खोळ काढून गाभ्यावर सरळ काठी आडवी ठेवली की खड्डा कशात आहे ते लगेच कळते. म्हणूनच जाड भरतकाम केलेल्या फुगीर खोळीपेक्षा साधी, ताणली जाणारी, काढून धुता येणारी सुती खोळ बरी.

लेटेक्सवर उकडते का?

मेमरी फोमच्या तुलनेत कमी उकडते, कारण लेटेक्समधील सूक्ष्म पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, भोकांमधून हवा खेळते आणि शरीर खोल रुतत नाही. तरीही गादी स्वतःहून गार करत नाही. त्यावर प्लास्टिकसारखे जाड जलरोधक आवरण घातले, तर हवेचा मार्ग बंद होतो आणि दोघांच्या अंगची उष्णता आतच राहते.

लेटेक्सची ॲलर्जी असल्यास ही गादी चालेल का?

ही ॲलर्जी नैसर्गिक रबरातील प्रथिनांमुळे होते. गादीचे लेटेक्स तयार झाल्यावर धुतले जाते, त्यामुळे ती प्रथिने बरीच कमी होतात, आणि शिवाय वर खोळ व चादर असते. तरीही दोघांपैकी एकालाही ॲलर्जीचे निदान झालेले असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय खरेदी करू नये.

नव्या गादीचा रबरासारखा गोडसर वास हा वेगळा विषय आहे. हवेशीर खोलीत काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत तो जातो. धुळीतील किडे लेटेक्समध्ये राहत नाहीत असा दावा केला जातो, परंतु ते त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि कोंडा खोळीत व चादरीत साठतो. ते धुणे चुकत नाही.

कोणती प्रमाणपत्रे पाहावीत?

जीओएलएस (ग्लोबल ऑरगॅनिक लेटेक्स स्टँडर्ड) हे प्रमाणपत्र सेंद्रिय लेटेक्ससाठी असून त्यात प्रमाणित सेंद्रिय कच्च्या मालाचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक असावे लागते. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० हे मालात घातक रसायने मर्यादेत आहेत का हे तपासते, लेटेक्स नैसर्गिक आहे की नाही हे त्यातून कळत नाही. प्रमाणपत्र खोळीचे आहे की गाभ्याचे, हे अवश्य विचारावे. त्यावरचा क्रमांक आणि मुदत संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येते.

जुना पलंग चालेल का?

पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांमधले अंतर सात-आठ सेंटिमीटरांपेक्षा जास्त नसावे, नाहीतर लेटेक्स फटींमध्ये उतरते आणि त्याची झीज लवकर होते. दोघांचा भार असल्याने मधोमध उभा आधार आणि जमिनीपर्यंत पोहोचणारा पाय हवाच. सलग प्लायवूडची फळी असेल, तर तिला भोके पाडून घ्यावीत, अन्यथा खाली ओल साठून बुरशी येऊ शकते. गादी थेट जमिनीवर कायमची टाकू नये.

निगा कशी राखावी?

कापसाच्या गादीप्रमाणे लेटेक्सला ऊन दाखवू नये. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे आणि हवेतील ओझोनमुळे रबर पिवळे पडते, कडक होते आणि तुकडे पडू लागतात. वारा द्यायचा असेल तर सावलीत, खोळ घालूनच द्यावा. तेलाचाही रबरावर वाईट परिणाम होतो, म्हणून अंगाला तेल लावून झोपण्याची सवय असणाऱ्यांनी पातळ, हवा जाऊ देणारे संरक्षक आवरण वापरावे. गाभा कधीही पाण्यात धुऊ नये. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवावी. हलवताना गादी जड आणि लवचीक असल्याने एका कोपऱ्याला धरून ओढू नये, लेटेक्स फाटते. दोन माणसांनी खालून हात घालून ती उचलावी.

चाचणीची मुदत आणि हमी यांबाबत काय पाहावे?

नव्या गादीला शरीर सरावायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून परत करण्याची मुदत किमान ३० रात्रींची असावी. परत नेण्याचा खर्च कोणी करायचा आणि संपूर्ण गादीऐवजी केवळ थर बदलून मिळतो का, हे आधीच विचारावे. जोडप्यासाठी थर बदलून मिळण्याची सवलत गादी परत करण्याच्या सवलतीपेक्षा अधिक मोलाची आहे, कारण बहुतेक वेळा एकाचीच बाजू जमलेली नसते.

हमीच्या वर्षांपेक्षा तिच्यातील खड्ड्याची व्याख्या महत्त्वाची. पुष्कळ हमीपत्रांमध्ये भार नसताना अडीच ते चार सेंटिमीटर खोल खड्डा पडला तरच दावा मान्य होतो. ही मर्यादा जितकी कमी तितकी हमी चांगली. अयोग्य पलंग, डाग किंवा काढून टाकलेले लेबल या कारणांनीही दावे नाकारले जातात. त्यामुळे गादी आल्याच दिवशी पलंगाचा, आतल्या गाभ्याचा आणि लेबलचा फोटो काढून पावतीसोबत जपून ठेवावा.